तीन नंबरच्या टेबलावरची ज्योत

१

शनिवारी सकाळी साडेदहाला आमच्या केंद्रातल्या तीन नंबरच्या टेबलावर एका दिव्याची ज्योत नाहीशी झाल्याचं उघडकीला आलं. दिवा जागेवर होता. त्याची काच, साखळ्या, वरचा तारा, सगळं होतं. फक्त ज्योत गेली होती. ती चित्रातली ज्योत होती, त्यामुळे वाऱ्याने विझली असं म्हणायचीही सोय नव्हती.

गलका केला तो माणिक श्रीवास्तवने. माणिक आमच्याकडे येणारा फोटोग्राफर. गुरुवारी त्याने या चित्राचा एक कच्चा फोटो काढून ठेवला होता. शनिवारी पक्का फोटो घ्यायला दिवे लावले, वरची मलमल काढली आणि दोन्हींत फरक दिसला. तो पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे बघत राहिला, मग आमच्याकडे.

मी खिडकीपाशी पाय स्टुलावर टेकून बसले होते. जून महिना, बाहेर लूचे भाजणारे वारे, आणि आमचा कूलर खोलीतलीच गरम हवा इकडची तिकडे करत होता. मी सुरेखा हुपरीकर. इथले लोक हुपरी मॅडम म्हणतात. तेहतीस वर्षं त्यांना नाव दुरुस्त करून सांगितलं, आता तो नाद सोडला आहे. नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून कोल्हापूरहून लखनौला आले. जुनी चित्रं आणि हस्तलिखितं दुरुस्त करणाऱ्या या ट्रस्टच्या केंद्रात लागले आणि इथेच राहिले. निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते, आणि ते मला मुकाट्याने काढायचे होते.

आमचे डायरेक्टर यश माथुर, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी चित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, टेबल कोणाचं? टेबल चेतना रावतचं होतं. चेतना बख्शी का तालाबहून रोज बसने येणारी मुलगी. सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राबत होती. सोमवारी चार वाजता तिला कायम करायचं की नाही हे ठरायचं होतं. तिने आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला ठाऊक नाही.

यशसाहेबांनी चौकशी माझ्या गळ्यात घातली. सोमवारी चारच्या आत अहवाल. ज्योत चेतनाच्या हातून गेली असं त्यात लिहिलं गेलं, तर नोकरी तर जाईलच, पण देशातलं दुसरं कुठलंही केंद्र तिला जुन्या कागदाला हात लावू देणार नाही.

"मॅडम, मैंने नहीं किया," चेतना म्हणाली. एवढंच. रडली नाही, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

२

चित्र जुन्या शहरातल्या एका खासगी इमामबाड्याचं, म्हणजे शियांच्या मोहर्रमच्या शोकसभागृहाचं होतं. त्याचे विश्वस्त इर्तजा हुसैन बातमी कळताच धावत आले. पंचेचाळिशीचे, सभ्य गृहस्थ. त्यांचा राग आवाज उतरवून यायचा, म्हणून जास्त टोचायचा. तीन आठवड्यांनी मोहर्रम. त्याआधी चित्र परत भिंतीवर हवं होतं, आणि माणिकच्या फोटोवरून छापलेल्या दोन हजार प्रती भाविकांच्या घरी जायच्या होत्या.

हे चित्र म्हणजे तुगरा. अक्षरंच अशी वळवायची की त्यांतून आकृती उभी राहावी. उस्ताद जव्वार हुसैन नावाच्या खुशनवीसाने, म्हणजे सुलेखनकाराने, ते सत्तरच्या दशकात लाकडी फळीवर कागद चिकटवून काढलं होतं. उस्ताद २००९ मध्ये गेले. चित्रातली आयत, म्हणजे कुराणातलं वचन, नुराची, ईश्वराच्या प्रकाशाची. मला ती नीट माहीत नव्हती, म्हणून मी इर्तजासाहेबांना अर्थ विचारला.

ते एकेका भागावर बोट धरून, पण बोट न टेकवता, सांगू लागले. त्याच्या नुराची उपमा अशी की भिंतीत एक कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिवा काचेत, काच चमकत्या ताऱ्यासारखी. म्हणून इथे अक्षरांचीच कमान आहे आणि काचेवर तारा. दिव्यातलं तेल जैतूनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बरकतवाल्या झाडाचं, आणि ते झाड ना पूर्वेचं ना पश्चिमेचं. म्हणून उस्तादांनी झाड बरोबर मधोमध काढलं आणि त्याला कुठल्याच बाजूला सावली दिली नाही. पुढे ते तेलाबद्दल काही सांगत होते. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, वीज जायच्या बेतात होती. मी हात करून त्यांना थांबवलं. कळलं म्हटलं.

"बचपन से देख रहा हूँ यह चिराग," ते म्हणाले. "जलता हुआ. अब बुझा दिया आप लोगों ने."

चेतनाला मी शेजारच्या खोलीत घेतलं. तिने ब्रशने धूळ झाडली होती आणि गुरुवारी रंगांची चाचणी घेतली होती. चाचणी म्हणजे काय, तर काडीवर कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा आणि रंगाच्या कडेला टोकभर फिरवून पाहायचा. ऐकायला घाण वाटतं, पण थुंकीइतकं सौम्य रसायन बाजारात मिळत नाही. आम्ही सगळे तेच वापरतो. तिचं कार्ड तिने स्वतःच माझ्यापुढे ठेवलं. निळा, हिरवा, काळा, सोनेरी, चारही रंग पक्के. खाली लिहिलं होतं, 'ज्योतीचा पिवळा सुटतो. थांबले.'

हेच कार्ड तिला बुडवणार होतं. पिवळा सुटतो हे फक्त तिला माहीत होतं, असं यशसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं कार्डच असं अंगावर आलेलं बघून मला सगळ्याचाच कंटाळा आला.

३

शुक्रवारी मी रजेवर होते, म्हणून त्या दिवशी काय काय झालं ते मी चौकीदाराच्या वहीतून आणि लोकांच्या तोंडून गोळा केलं. साडेबाराला वीज गेली. उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून सगळे व्हरांड्यात येऊन बसले, चेतनाही. त्याच वेळी इर्तजासाहेब एका वयस्क बाईंना घेऊन आले. त्या रुबाब आपा, उस्तादांची मुलगी. त्यांना वडिलांच्या चित्राचं दर्शन घ्यायचं होतं. इर्तजासाहेब जुम्म्याच्या नमाजला गेले, आपा तासभर आत एकट्या बसल्या, दोन वाजता दोघं परत गेले. तीनला वीज आली तेव्हा माणिक दिवे मांडायला आत गेला. त्याने मलमल उचललीच नाही म्हणे.

म्हणजे आत जाऊन आलेले चौघे. यशसाहेबांनी आपांचं नाव सगळ्यात आधी खोडलं. बापाच्या चित्राला मुलगी कशाला हात लावेल? इर्तजासाहेबांना चित्र भिंतीवर हवं होतं, ते कशाला बिघडवतील? उरले माणिक आणि चेतना. माणिकची तर पाचावर धारण बसली. त्याच्या दिव्यांच्या उष्णतेने रंग उडाला असेल असं कोणी म्हणेल या भीतीने तो मला दिव्यांचा प्रत्येक तपशील तीनतीनदा सांगत होता.

मी त्याला गुरुवारचा फोटो मोठा करून दाखवायला सांगितलं. पिवळी, खाली फुगीर, वर टोक काढलेली ज्योत. ती काचेच्या आत नव्हती. काचेच्या काठावर, बाहेरच्या बाजूला बसवलेली होती. टांगत्या दिव्याची ज्योत काचेच्या पोटात असते. ही मला आमच्या देवघरातल्या निरांजनासारखी वाटली. का कोण जाणे, ओळखीची वाटली. पण गुडघे दुखत होते आणि मी तो विचार सोडून दिला.

मग भिंग घेऊन चित्राकडे वळले. जिथे ज्योत होती तिथलं वार्निश अखंड होतं. ओरखडा नाही, फोड नाही. उष्णतेने रंग उडाला असता तर वार्निशला फोड आले असते, त्यामुळे माणिक सुटला. मी मलमल उचलली. तिच्या एका टोकाला नखाएवढा पिवळा डाग होता. मी ते टोक नाकाशी नेलं. गुलाबपाणी.

आमच्या खोलीत गुलाबपाणी नसतं. चेतनाने काढली असती तर तिने थुंकीच वापरली असती, हात सवयीने तिकडेच जातो. पण पवित्र आयतीच्या चित्राला थुंकी लावणं ज्याला जमणारच नाही, असा माणूस घरून गुलाबपाणी घेऊन आला होता. ज्योत चुकून गेली नव्हती. ती कोणीतरी ठरवून, अदबीने पुसली होती.

आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. बाकीचे रंग वार्निशच्या खाली होते, म्हणून पक्के होते. पिवळा वार्निशच्या वर होता, म्हणून सुटला. उस्तादांनी चित्र पुरं केलं, वार्निश दिलं, आणि त्यानंतर कधीतरी कोणीतरी त्यावर ज्योत चढवली. ती उस्तादांची नव्हतीच.

मग उस्तादांच्या मुलीने हात लावला नसेल असं कशावरून?

४

रविवारी सकाळी नवऱ्याला गाडी काढायला लावली. हर्षवर्धन वृंदावन योजना या आमच्या वसाहतीपासून जुन्या शहरातल्या चौकापर्यंत कुरकुरत आला. अठरा दिवस राहिलेत, तुला काय पडलंय, हा त्याचा प्रश्न. चेतनाचं 'थांबले' डोळ्यांपुढून जात नव्हतं, एवढंच.

रुबाब आपांचं घर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, पांढरी ओढणी. भिंतीला वडिलांच्या बरूच्या लेखण्या ओळीने टांगलेल्या. आत शिरताच मला तोच वास आला. धर्मग्रंथ ठेवायची लाकडी घोडी त्या ओल्या कापडाने पुसत होत्या, आणि शेजारी गुलाबपाण्याची बाटली होती. त्यांनी माझी नजर पाहिली आणि बाटली लपवली नाही.

"मैं समझी थी पुलिस आएगी," त्या म्हणाल्या. "आप तो बहुत थकी हुई हैं. बैठिए."

चहा आला. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की ज्योत त्यांनीच उतरवली. दोन हजार घरांत ती चूक छापून जाणार हे कळल्यावर त्यांना झोप लागेना. इर्तजासाहेबांशी बोलून पाहिलं होतं, पण त्यांना ते म्हातारपणाचं खूळ वाटलं. मग त्यांनी कापूस आणि गुलाबपाण्याची कुपी पर्समध्ये टाकली.

मी म्हटलं, चूक म्हणजे काय? दिव्याला ज्योत असणारच की.

आपांनी डोळे मिटून आयतीचा तो भाग म्हटला, जो मी शनिवारी घाम पुसत ऐकला नव्हता. ते तेल असं आहे की आगीने त्याला स्पर्शही केला नाही, तरी ते आपोआप उजळेलसं वाटतं. नुरावर नूर.

"आग ने छुआ ही नहीं, मॅडम. सारी बात यही है. अब्बा ने तीन महीने सोचकर वह चिराग बिना लौ के छोड़ा था. काँच में देखिए, कितना सोना भरा है उन्होंने. उजाला वहाँ है."

मला काचेतलं सोनं आठवलं. तेहतीस वर्षं जुनी चित्रं हाताळून मी ते नुसतं सोनं म्हणून पाहिलं होतं.

आपा सांगत होत्या. नव्वदच्या दशकात चित्राला वाळवी लागली म्हणून दुरुस्तीला दिलं. परत आलं ते ज्योत लावून. जुन्या विश्वस्तांना, इर्तजासाहेबांच्या वडिलांना, ती फार आवडली. उस्ताद बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले आणि घरी आले. त्यानंतर मरेपर्यंत ते इमामबाड्यात त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे.

तक्रार का केली नाही, मी विचारलं.

"मैंने भी यही पूछा था. बोले, जिसने किया है, बड़े अदब से किया है. कोई नया बच्चा होगा, उसे मालूम नहीं था. शिकायत करेंगे तो उसकी नौकरी चली जाएगी. अब उस लड़की की जा रही है. आप मेरा नाम लिख दीजिए."

मी विचारलं, दुरुस्तीला कुठे दिलं होतं?

"आप ही के यहाँ."

५

सोमवारी मी नऊलाच केंद्रात पोचले. जुनी कार्डं मागच्या लोखंडी कपाटात असतात. किल्ली माझ्याकडेच असते. १९९३ चा गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि इमामबाड्याचं नाव शोधलं. फार वेळ लागला नाही.

कार्डावर वाळवीने खाल्लेल्या कडांचं वर्णन होतं, भरलेल्या भोकांची नोंद होती. शेवटच्या ओळीत होतं, 'दिव्याची ज्योत झिजून गेलेली दिसते. पोस्टर कलरने पूर्ण केली.' खाली सही होती. सु. हुपरीकर.

मला काही आठवेना, हेच सगळ्यात वाईट. मग हळूहळू थोडं आठवलं. नोकरीला आठ महिने झाले होते, अजून कायम झाले नव्हते. संध्याकाळची वेळ, काम जवळजवळ संपलेलं. इतका सुंदर दिवा आणि त्यात ज्योत नाही. आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा न लावता कोणी पाणीही पीत नसे. विना ज्योतीचा दिवा दिसला की आईला कसंसंच व्हायचं. मलाही झालं. कोणाला काही विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. शेवटचा हात म्हणून आईच्या निरांजनाची ज्योत मी त्या काचेच्या काठावर बसवली आणि खूश होऊन घरी गेले.

सहा वर्षं कराराने राबलेल्या मुलीला पिवळा सुटताना दिसला आणि ती थांबली. मी थांबले नव्हते.

ते कार्ड पाहणारी मी एकटीच होते. फाडलं असतं तर कोणाला कळलं नसतं. आपांनी स्वतःचं नाव लिहायला सांगितलंच होतं. चेतना सुटली असती, माझा निरोपसमारंभ झाला असता, आणि यशसाहेबांनी कबूल केलेलं दोन वर्षांचं सल्लागारपदही मिळालं असतं. हा विचार मी केला. केला नाही असं म्हणणार नाही.

साडेतीनला यशसाहेबांच्या खोलीत इर्तजासाहेब, चेतना आणि मी असे बसलो. मलमल टेबलावर ठेवून मी वार्निशचं सांगितलं, सुटणाऱ्या पिवळ्याचं सांगितलं, काठावरच्या ज्योतीचं सांगितलं. इर्तजासाहेब मधेच म्हणाले, ते सगळं ठीक, पण काढली कोणी?

"बताती हूँ. पहले यह कि लगाई किसने थी," मी म्हटलं आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

यशसाहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकवलं. मी इर्तजासाहेबांना विनंती केली की आयत एकदा पुरी म्हणा, शनिवारी मी तुम्हाला मधेच थांबवलं होतं. ते म्हणू लागले. कोनाडा, दिवा, काच, तारा, झाड. तेलापाशी आले आणि त्यांचा आवाज थबकला.

"तीस साल से इसके सामने बैठकर यही पढ़ता हूँ," ते हळूच म्हणाले. "जलती लौ के सामने."

काढली कोणी हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मलमलीचं टोक उचलून वास घेतला, घडी करून ठेवलं आणि म्हणाले, आपांना सांगा, चित्र टांगायच्या दिवशी त्यांनी यायला हवं. नवा फोटो याच चित्राचा घेऊ.

मी अहवालात लिहिलं की मूळ चित्राचं काही नुकसान झालेलं नाही; १९९३ साली माझ्या हातून झालेली चुकीची भर निघाली आहे. रुबाब आपांचं नावही लिहिलं, कारण त्यांनी जे केलं ते आमचंच राहून गेलेलं काम होतं. चेतनाचं 'थांबले' हे कार्ड सोबत जोडलं. समितीने तिला साडेचारला कायम केलं. सल्लागारपदाचा विषय त्यानंतर निघाला नाही. यशसाहेब एवढंच म्हणाले की समारंभ छोटा ठेवू या, गर्मी फार आहे.

बाहेर व्हरांड्यात चेतनाने मला गाठलं. तुमचं जुनं कार्ड तर कोणीच पाहिलं नव्हतं, असं ती म्हणाली. मी तिला बस चुकेल म्हणून हाकललं.

६

मोहर्रमच्या आदल्या आठवड्यात चित्र भिंतीवर चढलं. चेतनाने स्वतः तारा बांधल्या. नव्या कार्डावर ज्योतीच्या पुढे काय लिहू, असं तिने मला विचारलं होतं. 'नव्हती' असं लिही म्हटलं.

रुबाब आपा चित्रासमोर जमिनीवर बसल्या, अगदी समोर. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून येत होतं आणि काचेतलं सोनं हळूहळू उजळत होतं. मी त्यांच्या शेजारी गुडघे मोडत बसले. हे बोलायला मला दोन आठवडे जमलं नव्हतं, आणि बोलले नसते तर ते माझ्याबरोबर घरी आलं असतं.

"आपा, वह नया बच्चा मैं थी."

त्या माझ्याकडे वळल्या. माझे पांढरे केस, सुजलेले गुडघे, सगळं सावकाश पाहून घेतलं. मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अब्बा कई बार पूछते थे, जाने कौन होगा," त्या म्हणाल्या. "नौकरी रह गई थी न?"

"रह गई थी. तेहतीस साल."

"बस, फिर ठीक है," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दिव्याकडे बघू लागल्या.